बाईंनी मेथी निवडली

सिंगापुरात आमच्या मराठी मंडळाचं वार्षिक नाटक म्हणजे करणारे चौदा आणि बघणारे त्यांचे नातेवाईक. त्या साली अध्यक्षांच्या डोक्यात आलं, की मुंबईहून एखादा ओळखीचा चेहरा आणला तर हॉल भरेल. झालं! रोज संध्याकाळी ज्यांची मालिका घराघरात चालायची, त्या बाईंना नाटकाची मुख्य भूमिका देऊन टाकली. ती भूमिका तोपर्यंत माझी होती, हे कुणाला आठवायचं कारण नव्हतं.

मला शेजारीण दिली. शेजारीण साखर मागायला येते, चार वाक्यं बोलते, आणि दुसऱ्या अंकात नायिका आपल्या नवऱ्याला सगळं सुनावते तेव्हा कोपऱ्यात बसून राहते. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, भूमिका छोटी नसते हो, नट छोटा असतो." मी म्हटलं, मग तुम्ही करा की शेजारीण. त्यावर ते हसले. मी विनोद केलेला नव्हता.

मला इतकं का लागलं, तर अप्पांमुळे. माझे वडील सांगलीला. आयुष्यभर नाटकं बघितलेला माणूस; पडदा वर जायच्या आधी खुर्चीत सरसावून बसायचे. आणि मी स्टेजवर पहिल्यांदा उभी राहिले ती थेट सदतिसाव्या वर्षी, सिंगापुरात. तोवर अप्पांचं हृदयाचं ऑपरेशन होऊन विमानप्रवास बंद झाला होता. त्या वर्षी मंडळ पहिल्यांदाच नाटकाची डीव्हीडी काढणार होतं. अप्पा फोनवर म्हणाले होते, "एकदा तुला काम करताना बघू दे गं. मग माझी काही तक्रार नाही." आता त्यांना काय दाखवू? साखरेची वाटी?

तालमी रविवारी दुपारी, बुकित तिमाहला अध्यक्षांच्या कॉन्डोतल्या हॉलमध्ये व्हायच्या. मी जुरोंग ईस्टहून एमआरटीची ट्रेन आणि मग बस असा प्रवास करून जायची. बाई मुंबईत, त्यामुळे तालमीत त्यांची वाक्यं कोण म्हणणार? अर्थात मी! नायिका मीच, शेजारीणही मीच. स्वतःकडेच साखर मागायची आणि स्वतःच द्यायची. आलिया भोगासी, दुसरं काय. घरी भांडी घासतानाही नायिकेचंच भाषण तोंडात असायचं. माझी नऊ वर्षांची लेक इथल्या इंग्रजीत म्हणायची, "आई, टू लाउड लाह! नेबर्स विल कम्प्लेन." मी म्हणायची, करू देत.

प्रयोग शनिवारी आणि बाई उतरल्या गुरुवारी. दिसायला टीव्हीपेक्षा बारीक, आवाज मऊ, ज्याला त्याला "काय गं", "काय रे". संध्याकाळी तालमीला बसल्या, संहितेची पानं चाळली आणि सरळ म्हणाल्या, "एवढं पाठांतर दोन दिवसांत माझ्याच्यानं व्हायचं नाही. मालिकेत आम्हाला ऐनवेळी पानं मिळतात, बोलायचं आणि विसरायचं. मी ही शेजारीण करते. मोठं काम आधी कोण करत होतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अध्यक्षांचा चेहरा असा पडला, की मला क्षणभर त्यांची दया आली. क्षणभरच. ते म्हणाले, "अहो पण मॅडम, पोस्टरवर तुमचा फोटो आहे!"

"मग फोटोत मी आहेच की," बाई म्हणाल्या. "नायिका म्हणून लिहिलंय का कुठे?"

लिहिलेलं नव्हतं. घोडं गंगेत न्हालं! घरी पोचल्या पोचल्या मी अप्पांना फोन लावला. "अप्पा, मुख्य काम माझं!" पलीकडे ते आईला ओरडून सांगत होते, ते मला इकडे स्पष्ट ऐकू येत होतं.

शुक्रवारच्या तालमीत बाईंनी एकच विचारलं. "दुसऱ्या अंकात मी त्या कोपऱ्यात नुसती बसून काय करू? हाताला काहीतरी काम द्या. मेथी मिळते का इथे?" मी म्हटलं, मिळते की, मी आणते. अगदी उत्साहानं म्हटलं. शनिवारी सकाळी लिटल इंडियात जाऊन ताज्या, टपोऱ्या पानांच्या दोन जुड्या मी स्वतः निवडून आणल्या. माझ्याइतका शहाणा माणूस त्या दिवशी अख्ख्या बेटावर नसेल.

हॉल खच्चून भरला. पार हौगांगहून माणसं आली होती, जी एरवी गणपतीलाही फिरकत नाहीत. पहिल्या अंकात बाई वाटी घेऊन आल्या आणि टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. मी हातात चहाचा ट्रे धरून उभी. ट्रे खाली ठेवावा की नको, हे कुठल्याच तालमीत ठरलेलं नव्हतं.

पण दुसरा अंक माझा होता. भाषण सुरू केलं आणि हॉल चिडीचूप झाला. कुणी खोकलंसुद्धा नाही. नवऱ्याचं काम करणाऱ्याच्या डोळ्यांत बघून मी बोलत होते, आवाज कुठून येत होता माझा मला कळत नव्हतं, आणि शेवटी खरंखुरं रडू आलं. पडदा पडला तेव्हा मला वाटलं, जिंकलं. बाईंनी मला जवळ घेतलं, म्हणाल्या, "छान केलंस गं." मी त्यांच्या पाया पडले.

डीव्हीडी तीन आठवड्यांनी आली. पहिली प्रत न बघताच सांगलीला पाठवून दिली, मग नवरा, लेक आणि मी आमची लावून बसलो. चित्रीकरण करणारा इथलाच चिनी माणूस होता, त्याला मराठीचा गंध नव्हता. अध्यक्षांनी त्याला बजावून ठेवलं होतं, की मॅडमवर लक्ष ठेव. माणूस कामाला चोख. त्यानं मॅडमवरून कॅमेरा हलवला नाही.

दुसरा अंक सुरू झाला. पडद्यावर बाई आणि मेथी. माझा आवाज कुठून तरी बाहेरून येत होता. मी नाटकातल्या नवऱ्याला पहिला टोमणा मारते तेव्हा बाईंचा हात काडीवर थांबतो. मी आवाज चढवते तसं त्या पानं सावकाश, एकेक करून खुडायला लागतात, ऐकतच नाहीये असं दाखवत. मी रडते, तेव्हा त्या निवडलेली मेथी चुकून देठांच्या ढिगात टाकतात, आणि तशाच बसून राहतात. मला सणकून राग आला. राग याचा, की बाई फार चांगल्या होत्या. हॉल कुणासाठी गप्प झाला होता, ते मला त्या सोफ्यावर बसून कळलं. लेक म्हणाली, "दॅट आंटी सो गुड, आई." नवरा शहाणा, चहा टाकायला उठला.

सांगलीची डीव्हीडी परत मागवता येत नव्हती. मी फोनच केला नाही. शेवटी अप्पांचाच आला.

"बघितली," ते म्हणाले. "दोनदा."

"मग?"

"बाईंनी मेथी काय निवडली गं! वा!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू मात्र दिसली नाहीस फारशी. चहा घेऊन उभी होतीस तेवढी. मग एकदम शेवटी नमस्काराला."

"अप्पा, ते सगळं मीच बोलत होते हो! दुसरा अंक सगळा माझा होता."

"अगं, ते मला कळत नाही का? तुझा आवाज मी ओळखणार नाही? म्हणून तर दुसऱ्यांदा टीव्हीवर टॉवेल टाकला."

"टॉवेल?"

"मग काय करू? ती बाई नजर हलू देईना. टॉवेल टाकला आणि नुसतं ऐकलं. आज शेजारच्यांना बोलावलंय ऐकायला. धुतलेला टॉवेल काढून ठेवलाय."

"अहो, ते बाईंना बघायला येतील. टॉवेल काढा म्हणाले तर?"

"तर त्यांनी आपापल्या घरी जावं," अप्पा म्हणाले.