विणकर पोरीचा वकील

नेदरलँड्समधल्या आमच्या हूफडॉर्पच्या मराठी गटात त्यांना सगळे वकील म्हणत. नोकरी टेस्टरची, म्हणजे दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. पण कुणावर अन्याय झाला की हा माणूस त्याची बाजू घेऊन उभा. मग तो अन्याय पुराणातला का असेना.

फेख्त नदीकाठी एका जुन्या जमीनदाराची हवेली आहे. तिच्या जेवणघरात भिंतभर लोकरीचा विणलेला पडदा आहे. त्यावर ग्रीक पुराणातली अ‍ॅरॅक्नी आहे, विणण्यात देवीशी पैज लावणारी साधी पोर. देवीने तिचं कापड टराटरा फाडलं आणि तिला जाळं विणणारा कोळी करून टाकलं. वकील प्रत्येक पाहुण्याला तिथे नेत. गाइडबाई म्हणत, ही गर्वाची शिक्षा. की वकिलांचा पारा चढलाच. देवीला त्या कापडात एक तरी चूक सापडली का, असं ते विचारत. बाई प्रामाणिक होत्या, नाही म्हणत. मग वकील आमच्याकडे वळत. "आणि हे विणून कुणाकडून घेतलं? विणकरांकडूनच. मालकाला जेवताना बघायला." बायको त्यांची बाही ओढत राही.

कोविड आला आणि ऑफिस स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं. वकिलांची कंपनी डॉक्टरांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करत होती. त्यात एकाच नावाच्या दोन रुग्णांची माहिती एकमेकांत मिसळते, हे वकिलांनी शोधलं आणि नव्या आवृत्तीच्या रिलीजला मंजुरी नाकारली. चूक खरी आहे, हे कॉलवर सगळ्यांनी मान्य केलं. फक्त घाई होती, नंतर बघू म्हणाले. वकील हटले नाहीत. पुढे त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. कारण काय, तर टीममध्ये मिसळत नाहीत. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. चूक शोधायला ठेवलेल्या माणसाने चूक शोधली, हा गुन्हा?

व्हिसाच्या नियमाने नवी नोकरी शोधायला तीन महिने मिळाले. त्या दिवसांत कोण कुणाला घेत होतं? शेवटी ते कुटुंबासह भारतात परतायला निघाले. स्किपोल विमानतळावर प्रवाशांशिवाय कुणाला आत सोडत नव्हते, म्हणून निरोप दारातच झाला. त्यांची मुलगी डचमध्ये रडत होती. मास्क सारखा करत वकील म्हणाले, "ताई, माझी चूक दाखवली असती ना, तर मुकाट्याने गेलो असतो."

त्या दिवाळीला आमचा गट ऑनलाइन जमला. त्यांच्याच टीममधला एक जण फराळ चघळत म्हणाला, माणूस हुशार होता, पण अहंकार नडला. मी कॉलवर सहसा बोलत नाही. त्या दिवशी माइक सुरू केला.

"त्यांनी दाखवलेली चूक तुम्ही नंतर दुरुस्त केलीत की नाही?"

"केली."

"कुणाचं नाव लावून?"

त्याचं नेट नेमकं तेव्हाच गेलं. मुलं फुलबाज्या दाखवायला लागली, कुणी गाणं लावलं. मी मात्र तो परत येईपर्यंत स्क्रीनसमोरून हलले नाही.