विचार की विचारली

आज सकाळपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आत्ता वाटतंय ते भीतीचं नव्हे. वर्षानुवर्षं दाबून धरलेलं दार एकदाचं सोडून दिल्यावर वाटावं, तसं काहीसं. ते ओसरायच्या आत तुम्हाला सांगून टाकते.

मी रायपूरला एका मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. पोरांना — पोट्ट्यांना म्हणते मी, आम्ही मूळचे अमरावतीकडचे — औषध लिहून द्यायचं ते पेशंटला अपाय न होता कसं लिहायचं, हे शिकवणं माझं काम. रटाळ वाटतं ना ऐकायला? माझ्या तासाला बसून बघा एकदा. पेशंट मीच होते. डोक्यावरून ओढणी घेते, खुर्चीत कण्हत बसते आणि जेवढं विचाराल तेवढंच सांगते. एखादा पोट्टा टेचात औषध लिहून कागद पुढे करतो, आणि मी तिथंच मान टाकते. वर्गात एकच गलका. ‘काहून मेली मी?’ — मी डोळे मिटूनच विचारते. मला दिवस गेलेत का, माझी किडनी कशी आहे, घरी आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत — काहीच विचारलेलं नसतं त्यानं. त्या तासाला जाताना मी अजूनही जिना जवळजवळ पळत चढते. एवढा आनंद दुसऱ्या कशातच नाही मला.

तास संपताना एक गोष्ट सांगते. खरी घडलेली. एका इंटर्न मुलीची. तिनं ॲलर्जी न विचारता इंजेक्शन दिलं आणि माणूस मरता मरता वाचला. नाव सांगत नाही, पण नक्कल करते तिची — कशी भांबावली, ओठ कसे नुसतेच हलले. पोरं हसतात, मग चिडीचूप होतात. गोष्ट बरोबर बसते.

ती तशी घडली नव्हती.

इथलं राज्य तेव्हा नुकतंच वेगळं झालं होतं. गावाचं राजधानी होणं म्हणजे काय, ते आम्ही रोज डोळ्यांनी बघत होतो — कचेऱ्यांच्या पाट्या बदलत होत्या, लाल दिव्यांच्या गाड्या सदर बाजाराच्या गर्दीत अडकत होत्या, नागपूर-भोपाळहून माणसं येऊन भाड्यानं घरं शोधत होती. मी एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ज्युनियर डॉक्टर होते. माझ्या हाताखाली वर्षा होती, इंटर्न. तात्यापारा या मराठी वस्तीतली, वडील रेल्वेत. घरी मराठी, पण आपण मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देणारी. मला दीदी म्हणायची.

त्या दिवशी दुपारी मला पुढच्या शिक्षणाची सीट मिळाल्याचं कळलं होतं. पाय जमिनीवर नव्हते. हे कारण म्हणून सांगत नाहीये — तसं होतं, म्हणून सांगते. बूढ़ापाऱ्यातला एक माणूस आला, स्कूटरवरून पडून मनगट मोडलेला, कळवळत होता. मी त्याला तपासलं, वर्षाला दुखणं थांबवायचं इंजेक्शन द्यायला सांगितलं आणि मैत्रिणीला फोन करायला निघाले. दारातच होते तेव्हा वर्षानं मागून हिंदीतच विचारलं, ॲलर्जी विचारली का?

मी म्हणाले, “विचारली. दे.”

विचारली नव्हती.

का म्हणाले असेन? एक पाऊल मागे जाऊन विचारायचं, एवढंच तर होतं. नाही विचारलं.

थोड्या वेळात त्याचा चेहरा सुजला, श्वास अडकायला लागला. धावपळ, ॲड्रेनलिन, ऑक्सिजन — माणूस वाचला. त्याची बायको रडत सांगत होती, याआधीही दुखण्याच्या गोळीनं असंच झालं होतं, पण इथं कुणी विचारलंच नाही. मोठे सर आले. चूक कुणाची, म्हणाले. आणि मी — सरांकडे बघत, वर्षाकडे न बघता — म्हणाले, “मी हिला सांगितलं होतं, विचार, मग दे.”

बघा ना, किती थोडा फरक. विचारली आणि विचार.

वर्षाचे ओठ हलले फक्त. तिची इंटर्नशिप लांबली. बाहेर आल्यावर मी तिच्यासमोरच सरांना म्हटलं, नवीन आहे सर, सांभाळून घ्या. वर हेही.

पण खरं सांगायचं ते हे नाहीच. खरं पुढे आहे.

काही वर्षांनी तात्यापाऱ्यात एका घरी गणपतीच्या आरतीला ती भेटली. आता सरकारी कचेरीत होती, आरोग्य खात्यात, टेबलाच्या कामाला. पेशंट बघत नाहीस का, मी विचारलं. ती तिच्या हिंदीत म्हणाली, हात लावायची हिंमतच होत नाही. स्वतःच्या कानांचा भरवसा राहिला नाही. त्या दिवशी तुम्ही ‘विचार’ म्हणालात आणि मी ‘विचारली’ ऐकलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, “दीदी, आपने उस दिन मुझे बचा लिया. मैं भूली नहीं हूँ.”

तेव्हा सांगता आलं असतं. आरती संपली होती, माणसं प्रसादाला वळली होती, आम्ही दोघीच होतो. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, जाऊ दे गं, होतं असं. आणि मोदक खाल्ला.

त्यानंतरही मी वर्गात तिची नक्कल करत राहिले.

काल तास संपताना मागच्या बाकावरची एक पोट्टी उभी राहिली. कधी तोंड न उघडणारी. म्हणाली, “मॅडम, इंटर्न को इंजेक्शन लगाने को बोला किसने था?”

तुम्हाला कसं सांगू — अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं. जे शिकवायला मी रोज मरायचं नाटक करते, तेच तिनं केलं होतं, माझ्यावरच. मला आनंद झाला, खराखुरा. आणि त्या आनंदातही मी म्हणाले, वेळ झाली, उद्या बोलू.

आज सकाळी वर्षाला फोन लावला. सगळं सांगितलं, न थांबता. मी ‘विचारली’ म्हणाले होते, आणि विचारलं नव्हतं. सरांना खोटं सांगितलं. गणपतीत तू आभार मानलेस, ते घेतले. वर्गात तुझ्यावर पोरांना हसवते.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी तिला हाक मारली, तिनं ओ दिली नाही. मग बोलली. मराठीत.

“म्हणजे मी बराबर ऐकलं होतं.”

मी हो म्हटलं. तिनं फोन ठेवला.