लंबूसाठी भांडणारे मुकुंदराव

शेवटचं भेटले तेव्हा मुकुंदराव उशीला टेकून मॅच बघत होते. शनिवारची पहाट, पांघरुणावर लॅपटॉप, शेजारी औषधांचा डबा. मेलबर्नची शनिवारची संध्याकाळ म्हणजे शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गची शनिवारची पहाट, हे गेल्या दोन सीझनमध्ये माझ्या अंगवळणी पडलं होतं. त्यांच्या बायकोने, शैलाने, दार उघडलं आणि चहाचा कप माझ्या हातात दिला. मी घरून ठरवून गेले होते, की आज सांगायचंच. एकच वाक्य होतं. गाडीत दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं होतं. आणि खोलीत गेल्यावर माझ्या तोंडून काय निघालं? "आज लंबूला कुठे उभं केलंय?" क्लबातल्या लाडक्या खेळाडूचं नाव निघाल्यावर ते खूश झाले. आवाज पार बसला होता, तरी म्हणाले, "पुढे. आज पुढे सोडलाय त्याला, बघा तुम्ही." मी बघितलं. मॅच संपली, चहा संपला, "येते हं" म्हणून मी निघाले. बुधवारी सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते तेव्हा शैलाचा फोन आला. "नीलाताई, गेले हो हे..." मी गाडी बंद करायचंही विसरले. त्याला आता सहा आठवडे झाले आणि ते वाक्य माझ्या घशात तसंच आहे.

मुकुंदराव मूळचे नागपूरचे. अमेरिकेत येण्याआधी चार वर्षं एका प्रोजेक्टवर मेलबर्नला होते आणि तिथून त्यांनी तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल सोबत आणला. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण अकरा वर्षं आम्ही एका गाडीतून ऑफिसला गेलो, एक आठवडा त्यांची गाडी, एक आठवडा माझी, त्यामुळे ऐकून घेणं भाग होतं. लांबट चेंडू, लांबट मैदान, एकाच्या खांद्यावर गुडघा टेकवून दुसरा हवेत उडतो आणि चेंडू झेलतो. "हा खेळ आहे की भांडण?" मी विचारायचे. "बाप्पा! दोन्ही आहे ना जी," ते म्हणायचे. त्यांना चिडवणं हा माझा सकाळचा नाश्ता होता. माझी मॅनेजरकी, माझ्या मुलीचं कॉलेज, माझ्या नवऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं त्या गाडीत बोलून झालं. माझ्या सख्ख्या भावाला जे माहीत नाही, ते मुकुंदरावांना माहीत होतं. म्हणून तर पुढे जे झालं, ते मला इतकं लागलं.

माझ्या बहिणीचा मुलगा ओंकार इथे एमएस झाला आणि आमच्याच कंपनीत लागला. त्याला मुकुंदरावांच्या टीममध्ये घ्या, म्हणून मीच त्यांच्या मागे लागले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण एका सकाळी गाडीत त्यांना बजावलं, "आपल्या घरचा समजून कान पकडा त्याचा. भीड ठेवू नका. हुशार आहे, पण आळशी आहे." त्यांनी मान डोलावली. आणि त्यांनी ते शब्दशः केलं. वर्षाअखेरीच्या रिव्ह्यूत त्यांनी ओंकारबद्दल प्रामाणिकपणे, आपल्या शाळेतले मास्तर प्रगतिपुस्तकात लिहायचे तसं लिहिलं. मुलगा बुद्धिमान आहे, पण काम अर्धवट सोडतो, अजून बरंच शिकायचं बाकी आहे, पाया पक्का व्हायला हवा. मुकुंदरावांच्या मते हे प्रेमाचं लिखाण होतं. ज्याच्याकडून काही अपेक्षा आहे, त्यालाच आपण असं बोलतो ना? पण बाकीच्या मॅनेजरांनी आपापल्या माणसांना, यथातथा असलेल्यांनासुद्धा, "उत्कृष्ट" आणि "अपेक्षेपेक्षा सरस" असं लिहिलं होतं. इथे तशीच रीत आहे आणि इतकी वर्षं राहून आम्हा दोघांनाही ती ठाऊक होती. ओंकारच्या बाबतीत ती आम्हाला आठवली नाही, कारण तो घरचा होता.

वसंतात ले-ऑफ आले. ज्यांनी ओंकारचं तोंडही पाहिलं नव्हतं, अशा वरच्या लोकांनी कागद बघून यादी केली. त्याचं नाव त्यात गेलं. व्हिसावरचा मुलगा, साठ दिवसांत दुसरी नोकरी नाही तर परत. त्या साठ दिवसांत त्याने किती इंटरव्ह्यू दिले, देव जाणे. एकसष्टाव्या दिवशी मी त्याला ओहेअर विमानतळावर सोडलं. त्याने सोफा कुणाला तरी फुकट देऊन टाकला होता आणि राइस कुकर माझ्या मागच्या सीटवर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मुकुंदराव नेहमीप्रमाणे माझ्या दारात गाडी घेऊन उभे. मी काच खाली करायला लावली आणि म्हणाले, "तुम्ही लिहिलंत म्हणून तो गेला. उद्यापासून माझी मी जाईन." ते मान खाली घालून स्टिअरिंगकडे बघत राहिले. चौदा महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. ऑफिसच्या किचनमध्ये ते आले की मी कॉफी तशीच टाकून निघून जायचे. मंडळाच्या गणपतीत त्यांनी हात पुढे करून प्रसाद देऊ केला, मी तो शैलाच्या हातून घेतला. लिहितानाही लाज वाटते, पण घेतला. कान पकडा म्हणून सांगणारी मीच होते, हे मला चौदा महिने एकदाही आठवलं नाही. कमाल आहे माझी!

या सगळ्याच्या आधीच मुकुंदरावांच्या मेलबर्नच्या क्लबात एक उंचच उंच पोरगा आला होता. सगळ्यांनी त्याच्यावर भारी आशा लावल्या होत्या. नाव मला उच्चारता येत नाही, आमच्यात तो लंबूच. त्याच्या तिसऱ्या सीझनला, आमचा अबोला चालू असताना, तिथल्या एका पेपरात एका जुन्या खेळाडूने लेख लिहिला, की हा पोरगा नुसता उंच झाला, खेळाडू म्हणून वाढायचा थांबलाय, क्लबने उगाच वाट बघू नये. झालं! चाहत्यांच्या वेबसाइटवर महाभारत सुरू झालं. अर्धे म्हणत, पेपरवाल्यांना खपासाठी रोज एक बकरा लागतो. अर्धे म्हणत, खरं तेच लिहिलंय, एवढा नाजूक असेल तर त्याने घरी बसावं. त्यांच्यात एक म्हातारा होता, आयुष्यभर ट्राम चालवलेला, त्याचा युक्तिवाद सगळ्यांत पक्का. तो विचारी, "मग काय खोटं लिहायचं? वाईट खेळला तर वाईट खेळला म्हणायचं नाही?" आणि त्याच्याशी रोज, शिकागोजवळच्या एका उपनगरातून, मुकुंदराव नेटाने भांडत होते. शैलाशी माझा अबोला नव्हता. ती सांगायची, जेवणाचं ताट पुढे गार होतंय आणि हे फोनवर टाइप करतायत. "अगं, एकवीस वर्षांचा आहे तो! शिकून राहिला ना अजून!" असं तिलाच सुनवायचे, जणू लेख तिनेच लिहिलाय.

एका रविवारी शैला माझ्याकडे आली. हातात छापलेला कागद. "हे मी आणलंय असं यांना कळता कामा नये," म्हणाली, "पण वाचा." ट्रामवाल्या म्हाताऱ्याला मुकुंदरावांनी इंग्रजीत लिहिलेलं उत्तर होतं. त्याचं सार मी माझ्या शब्दांत सांगते. तुमचं म्हणणं बरोबर आहे, खोटं लिहू नये. पण मीही एकदा एका तरुण मुलाबद्दल खरं लिहिलं होतं. त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. चुकलं ते एवढंच, की जे त्याच्यासमोर बसून चहा पिता पिता सांगायचं, ते मी अशा कागदावर लिहिलं, की जो त्याला न ओळखणाऱ्यांच्या हातात गेला. त्यांना तो मुलगा दिसला नाही, फक्त माझी तक्रार दिसली. त्याला मुलुख सोडावा लागला आणि माझी अकरा वर्षांची मैत्रीण माझ्याशी बोलेनाशी झाली. तेव्हा या पोराच्या कोचने त्याला खोलीत घेऊन हवं तेवढं झापावं, माझी ना नाही. पण पेपरात लिहिणाऱ्याने आधी बघावं, आपण कुणाशी बोलतोय... खाली ट्रामवाल्याचं एका ओळीचं उत्तर होतं, की तुझ्या मैत्रिणीबद्दल वाईट वाटलं, दोस्त. त्या परक्या म्हाताऱ्याला वाईट वाटलं, आणि मी दोन मैलांवर राहून त्यांच्या हातचा गणपतीचा प्रसाद नाकारला होता. मी शैलासमोर ढसाढसा रडले.

पुढच्या शनिवारी पहाटे मी त्यांच्या दारात उभी राहिले. हातात थर्मास, कारण रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही. मुकुंदराव दारात आले, माझ्याकडे बघितलं, थर्मासकडे बघितलं आणि म्हणाले, "या, सुरू होऊन राहिली आहे." बस्स. मी सोफ्याच्या एका टोकाला बसले, ते दुसऱ्या. त्या दिवशी लंबूने तीन सोपे झेल सोडले आणि आम्ही दोघं मिळून त्या पेपरवाल्याला शिव्या घातल्या. मग दर शनिवारी जात राहिले. हिवाळ्यात खेळ बंद असायचा तेव्हा जुन्या मॅचेस बघायचो. हळूहळू लंबू बरा खेळायला लागला, म्हणजे एकदम काही चमत्कार नाही, दोन मॅच चांगल्या, एक फुसकी. वेबसाइटवरच्या भांडणात मीही सल्ले द्यायचे, "एवढं लांब लिहू नका हो, ट्रामवाला झोपेल." पण ओंकारचा विषय आम्ही काढला नाही. ते काढत नाहीत म्हणून मी नाही, आणि मी काढत नाही म्हणून ते काढत नसावेत, असं मी समजत होते. राग माझा केव्हाच गेला होता. पण "मी तुम्हाला माफ केलं" हे म्हणायचं तरी कसं? मराठीत असं कुणी बोलतं का? आणि माफ करणारी मी कोण? त्यापेक्षा चहा ओतणं सोपं. मग त्यांना आजार निघाला, आणि प्रत्येक शनिवारी मी ठरवून जायचे आणि लंबूवर बोलून परत यायचे.

ते गेल्यावर शैलाच्या सांगण्यावरून मी त्या वेबसाइटवर दोन ओळी टाकल्या. त्यांच्यासाठी हळहळणारे तर बरेच निघाले. पण ट्रामवाल्याने वेगळंच लिहिलं, की तुमच्या मित्राचं मला अजूनही पटलेलं नाही, पेपराने खरंच लिहिलं होतं, आता मी भांडू कुणाशी? मला त्याचं हे फार आवडलं. मुकुंदरावांनाही आवडलं असतं.

आणि मग गेल्या रविवारी मी ओंकारला पुण्याला फोन केला. बातमी त्याला मी सांगायच्या आधीच कळली होती. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणाला, शैलाकाकूंनी. मी म्हटलं, "तुझ्याकडे त्यांचा नंबर कसा?" मग तो बोलला.

"मावशी, काका दर रविवारी फोन करायचे मला. मी परत निघालो त्याच्या तीन दिवस आधी ते माझ्या अपार्टमेंटवर आले होते, यार. खाली बसले, जमिनीवर, कारण सोफा मी देऊन टाकला होता. सॉरी म्हणाले. मी जाम चिडलो होतो, धड उत्तरही दिलं नाही. पण ते फोन करत राहिले. पुण्यातल्या या जॉबचे मॉक इंटरव्ह्यू सगळे त्यांनीच घेतले. त्यांच्यावरचा माझा राग कधीच गेला. तू बोलत नव्हतीस ना, तेव्हासुद्धा आम्ही बोलत होतो."

माझं डोकंच फिरलं. "मग मला सांगायला काय झालं होतं तुला?" मी ओरडलेच.

"त्यांनीच नको म्हटलं. म्हणाले, मावशीला हे कळलं तर त्या भिडेखातर माफ करतील, तसं नको. म्हणाले, त्यांना वेळ लागेल, लागू दे. घाई करायची नाही."

फोन ठेवल्यावर मी किचनच्या ओट्याला धरून उभी होते. ज्याच्यासाठी मी चौदा महिने अबोला धरला, त्याचं भांडण कधीच मिटलं होतं. उरले होते ती मी एकटी. एकवीस वर्षांच्या पोराला वेळ द्या म्हणून साऱ्या मेलबर्नशी भांडणारा हा माणूस मलाही, साठीला टेकलेल्या बाईला, वेळच देत होता. दोन सीझन दिले त्यांनी मला, सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला गप्प बसून, आणि मला ते पुरले नाहीत.

तेव्हा इथेच लिहिते, चारचौघांत, सगळ्यांना वाचता येईल असं. मुकुंदराव, माझा राग पहिल्याच शनिवारी गेला होता हो. तुम्ही दार उघडलंत ना, तेव्हाच. चूक माझीही होती. मला सांगता आलं नाही.