मांडीवरचं मशीन

साताऱ्याच्या कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देणारे ते गृहस्थ उंब्रजला आमच्या एस.टी.त चढायचे. मोठं मशीन सोडून त्यांनी पेटीतला लहान टाइपरायटर घेतला होता, मांडीवर मावतो म्हणून. खड्डा आला की पेटी दोन्ही हातांनी अलगद उचलून धरायचे. "लय नाजूक हाय," म्हणत कुणाला हात लावू देत नसत.

एकदा शेजारच्या बाईच्या मांडीवर तान्हं होतं आणि थोरली पोर उभ्याउभ्याच पेंगत होती. त्यांनी पेटी पायाशी ठेवली, पोरीला मांडीवर घेतलं.

"आवं, मशीन खाली?" मी विचारलं.

"त्याला कुठं झोप आलीया?"

पुढं खड्डा आला. त्यांनी पोरीला दोन्ही हातांनी अलगद उचलून धरलं. पायाशी पेटी खडखडली. त्यांनी खाली पाहिलंही नाही.