तपासलेली वही

कारखान्यात मी चौतीस वर्षं माल तपासला, आणि निवृत्त झाल्यावर घर तपासायला लागलो. पोळीचा आकार, नळाची गळती, सुनेने केलेली इस्त्री. शेवटी बायकोने मला आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या सोसायटीमागच्या शेडमध्ये पिटाळलं. "तिथे तुमच्यासारखेच रिकामे लोक आहेत, त्यांचं डोकं खा," म्हणाली. त्या शेडमध्ये दर रविवारी लोक बंद पडलेले पंखे, मिक्सर घेऊन येतात आणि सगळे मिळून ते दुरुस्त करतात. निदान तसा प्रयत्न करतात.

एका रविवारी शेजारच्या निर्वासितांच्या वस्तीतून, कॅम्प तीनमधून, एक सिंधी दीदी आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, कापडाच्या दुकानाच्या मालकीण. रिक्षावाल्याशी चाललेलं भांडण संपवूनच आत शिरल्या आणि पिशवीतून एक वही काढली. त्यांचे वडील फाळणीनंतर इथे आले, दुकान थाटलं, आणि गिऱ्हाइकांसाठी चाळिशीत मराठी लिहायला शिकले. मास्तर नाही, शिकवणी नाही. दीदींच्या शाळेच्या पुस्तकात बघून वाक्यं गिरवायचे.

"पप्पा ये किसी को दाखवायचे नाहीत. गादीखाली लपवायचे," दीदी म्हणाल्या.

पानं पापडासारखी झाली होती. एकदा झेरॉक्सवाल्याने वही पालथी घालून वरून दाबली, तर दोन पानं सुटून आली. तेव्हापासून त्यांनी ती कुणाच्या हातात दिली नव्हती. "मेरे बाद पोरं ही रद्दीत घालतील. त्याआधी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये पप्पांचं अक्षर गेलं पाहिजे. पण वहीला काही झालं ना, तर मी तुम्हाला सोडणार नाही."

आमच्यात एक रिटायर्ड फिटर आहे. माझं त्याचं अजिबात पटत नाही, म्हणून आम्ही रोज भेटतो. तो म्हणाला, वही पूर्ण उघडायचीच कशाला? अर्धवट उघडी ठेवायला प्लायवूडचा एक पाळणा करू, वरून तशीच तिरकी दोन काचांची जोडी अलगद टेकवू, आणि दोन बाजूंनी दोन मोबाइल लावून फोटो काढू. झाला स्कॅनर. कल्पना चांगली होती, हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.

बनवायला सहा रविवार लागले. त्यातले दोन मी खाल्ले असं फिटरचं म्हणणं. पाळण्याच्या दोन्ही बाजूंत पाव मिलिमीटरचा फरक होता, तो मी चालू दिला नाही. "अरे बाबा, वही ठेवायचीय, विमान नाही उतरवायचंय!" असं तो ओरडला, पण फळी परत घासली. पहिल्या चाचणीत फोटो छान आला. फक्त मजकुराच्या मधोमध फिटरचं टक्कल चमकत होतं. काचेत पडलेलं प्रतिबिंब! दीदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पुढच्या खेपेला दुकानातून काळं जीन्सचं कापड घेऊन आल्या, वर त्याचा मांडव घातला, आणि टक्कल गेलं.

मग खरी वही पाळण्यात ठेवली. आधी दीदींनी आम्हा दोघांचे हात साबणाने धुवून घेतले, नखंसुद्धा बघितली. फिटर काच उचलायचा, पान उलटायचा, दोन्ही मोबाइलची बटणं दाबायचा. मी फोटो मोठा करून बघायचो: चारही कोपरे आलेत का, अक्षर फुटतंय का. ठीक असलं की "पास" म्हणायचो. काम असं काही लयीत चाललं की दीदी निर्धास्त होऊन चहा आणायला गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा फिटर काच हातात धरून माझ्याकडे बघत उभा होता. "हे काय केलंस?"

मी खाली बघितलं. माझ्या हातात लाल पेन्सिल होती. कारखान्यात पास झालेल्या प्रत्येक नगावर खूण करायची, नाहीतर तो पुढे जायचा नाही. तीच खूण, छोटीशी, बरोबरची, काच उचलली की मी नकळत पानांच्या खालच्या कोपऱ्यात करत आलो होतो. चाळीस-एक पानांवर! फोटो आधी निघाल्यामुळे ते स्वच्छ होते, आणि जी जपायची ती वही मी रंगवून ठेवली होती. खोडायला जावं तर रबराबरोबर कागदच आला असता. आयुष्यात कधी एवढी लाज वाटली नव्हती.

"दीदी, चूक झाली," मी म्हणालो.

दीदींनी चहा खाली ठेवला. पुन्हा हात धुतले. एकेक पान उलटत बसल्या.

"पप्पा एकदा ही वही माझ्याकडे घेऊन आले होते," त्या म्हणाल्या. "मी चौथीत. म्हणाले, बेटा, जरा तपास, बरोबर आहे का. मी अक्षर बघून हसले. मैत्रिणींना पण बोलावून दाखवलं. त्याच्यानंतर लपवायला लागले."

मी तर एक ओळही वाचली नव्हती, नुसते कोपरे बघितले होते. तसं मी सांगून टाकलं.

"माहीत आहे, इन्स्पेक्टरसाहेब. तुम्हाला कोपऱ्याच्या पलीकडे दिसतं कुठे?" त्यांनी डोळे पुसले. "किती राहिली?"

"सात पानं. पण आता मी हात लावत नाही."

"तुम्हाला कोण लावू देतंय!"

फिटरने सातही पानांचे फोटो काढले. मग दीदींनी माझ्यासमोर हात पसरून पेन्सिल मागितली. "ही सात मी तपासणार. पप्पांनी मलाच सांगितलं होतं," म्हणाल्या, चष्मा चढवला, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने, सावकाश वाचायला लागल्या.