छातीत गेलेलं वारं

ती घटना आजही आठवली की आधी सांगलीच्या बाजारातला हळदीचा कडवट वास येतो, आणि मग एका सुनेचा चेहरा. सत्तरच्या दशकात मी तिथे फौजदार होते. आष्ट्याकडचा एक तरुण ठाण्यात आला. चुलत्याला त्याच्या सुनेने पेजेतून विष घातले, अशी त्याची खबर. ठाणे अंमलदाराने नोंद घेतली आणि मी हवालदारांसह रुग्णालय गाठले.

चुलता फौजेतून निवृत्त झालेला, उसाचा शेतकरी. जुलाबांनी इतका सुकला होता की हाताची शीर सापडेना. म्हणून डॉक्टरांनी गळ्याजवळच्या हाडाखालून मोठ्या शिरेत नळी घातली होती. लगेच काढलेला एक्स-रे स्वच्छ होता. दोन दिवस तो सुधारला, आणि त्या दिवशी पेज पिताच धाप लागून ओठ निळे पडले. डॉक्टरांनाही विषाचीच शंका होती.

हवालदारांनी पेजेचे भांडे सीलबंद केले आणि व्हरांड्यात सुनेचा जबाब घेतला. मामंजी सकाळीच ‘वारं गेलंय’ म्हणाले होते, एवढेच ती सांगे. अंगावरून वारं जाणे म्हणजे लकवा, म्हणून हवालदारांनी लिहिले, अर्धांगवायू. पण म्हाताऱ्याचे हातपाय तर चांगले हलत होते.

“खोटं बोलतीया, बाई,” हवालदार म्हणाले. “अटकच करूया.”

मी तिच्याशेजारी बसले. तिच्या पदराला अजून चुलीच्या धुराचा वास होता. वारं नेमकं कुठून गेलं, असे विचारले.

“अंगावरनं न्हाई, बाई. छातीत गेलंय म्हनत हुते. नळीच्या बाजूला.”

मी तिचे शब्द डॉक्टरांना जसेच्या तसे सांगितले. ते तडक खाटेकडे धावले. नळीच्या बाजूला श्वास ऐकू येईना; बोटाने ठोकताच छाती रिकाम्या घागरीसारखी वाजली. नव्या एक्स-रेत फुप्फुस आकसलेले, भोवती हवा. नळी घालताना सुई फुप्फुसाला निसटती लागली होती आणि हवा हळूहळू झिरपत राहिली होती. डॉक्टरांनी छातीत दुसरी नळी घातली. तिचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवताच बुडबुडे उठू लागले, आणि निळ्या ओठांवर सावकाश रंग चढला.

जबाब लिहिताना शब्दाचा अर्थ आपल्या पदरचा लावू नये, ज्याचा शब्द त्यालाच विचारावा, हे मी तिथे शिकले.

दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्याला रीतसर विचारले, सुनेविरुद्ध काही तक्रार आहे का?

“हाय की,” तो म्हणाला. “कालपासनं उपाशी हाय ती. माझं आयकत न्हाई.”

या तक्रारीला कायद्यात कलम नव्हते. मी सुनेचा हात धरला आणि तिला समोरच्या खाणावळीत जेवायला घेऊन गेले.