कोरं बोट

जर्मनीचं नागरिकत्व घेताना मी भारतीय पासपोर्ट परत केला आणि त्याबरोबर इथला मताचा हक्कही सोडला. पुढे सुट्टीवर आले, तेव्हा आमच्या बेडशात ग्रामपंचायतीचं मतदान होतं. चुलतभाऊ सकाळीच माझ्या नावाची चिठ्ठी घेऊन दारात उभा.

"तुजं नाव अजून यादीत हाय. पुण्यातनं समदी आल्यात, तूबी चल. कुणाला कळतंय?"

"मी पासपोर्ट सोडलाय, लाज नाही सोडली."

"मंग गावाचं तुला काय न्हाईच म्हण की."

मी त्याच्याबरोबर शाळेत गेले. रांगेत उभी राहिले नाही. यादीतून नाव काढायला काय करायचं, ते मतदान अधिकाऱ्याला सगळ्यांदेखत विचारलं. त्या संध्याकाळी पारावर कोरं बोट माझं एकटीचं होतं. मी ते झाकलं नाही.